विजयदुर्गाची आग आणि तुळाजी आंग्रे यांचा न चाललेला खटला

गुरुवार, १२ फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गाच्या तटाखाली, वाघोटण खाडीच्या मुखाशी आंग्र्यांचे आरमार नांगरून पडले होते. समोर ॲडमिरल चार्ल्स वॉटसन याच्या हाताखालील इंग्रजी लढाऊ जहाजांची रांग उभी होती. दुपारनंतर इंग्रजांकडून आलेला एक कुलपी गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला आणि फुटला. हे जहाज मूळचे ईस्ट इंडिया कंपनीचे. सात वर्षांपूर्वी, १७४९ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी ते पाडाव करून आपल्या ताफ्यात घेतले होते. त्याच जहाजाची आग शेजारच्या गुराबांना लागली, गुराबांवरून गलबतांना लागली, किनाऱ्यावर बांधणीत असलेल्या नव्या जहाजांपर्यंत पोहोचली. अंधार पडण्यापूर्वीच कोकणच्या समुद्रावर अर्धशतक दरारा गाजवणाऱ्या आंग्र्यांच्या आरमाराची राख झाली होती.

ज्यांचे हे आरमार, ते तुळाजी आंग्रे त्या वेळी किल्ल्यात नव्हते. ते किल्ल्याबाहेर, मराठ्यांच्याच छावणीत होते, आणि नावाला पाहुणे असले तरी प्रत्यक्षात कैदी होते.

मराठी इतिहासातील सर्वांत मोठी आरमारी आपत्ती म्हणून या दिवसाचा उल्लेख होतो. या आपत्तीचा दोष कोणाचा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. इंग्रजांच्या लेखी तुळाजी 'चाचे', पुणे दरबाराच्या लेखी 'बंडखोर', तर कोकणातील अनेक सरदार-वतनदारांच्या लेखी 'उपद्रवी शेजारी'. या तिन्ही आरोपांवर त्यांना शिक्षा झाली आणि उरलेले सारे आयुष्य देशावरच्या किल्ल्यांत कैदेत गेले. चौकशी मात्र एकाही आरोपाची झाली नाही.

ज्या वर्षी विजयदुर्ग पडला, त्याच वर्षी मे महिन्यात भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटाजवळ इंग्रजांचाच ॲडमिरल जॉन बिंग फ्रेंचांपुढे अपयशी ठरला. त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि १४ मार्च १७५७ रोजी त्याला त्याच्याच आरमाराच्या जहाजावर गोळ्या घालण्यात आल्या. सरकारची चूक झाकण्यासाठी त्याचा बळी दिला, असे त्याच्या घराण्याचे म्हणणे आहे. अडीचशे वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच्या वंशजांनी माफीसाठी अर्ज केला आणि ब्रिटिश संरक्षण खात्याने तो फेटाळला. बिंगला न्याय मिळाला की नाही हा प्रश्न वेगळा, पण त्याच्या खटल्याचे कागद तरी आहेत. साक्षी, उलटतपासणी, निकाल हे सारे आज वाचता येते. तुळाजींच्या बाबतीत असा एकही कागद निर्माण झाला नाही. त्यांची बाजू मांडण्याचे काम पुढे इतिहाससंशोधकांच्या वाट्याला आले, तेही फार उशिरा.

पहिला आरोप चाचेगिरीचा. तो समजण्यासाठी तत्कालीन समुद्रावरचा कायदा कोणाचा होता, हे पाहिले पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर परवान्याची पद्धत पोर्तुगिजांनी रूढ केली. त्यांचा परवाना ज्या जहाजाकडे नसेल ते लुटण्याचा हक्क त्यांनी स्वतःच स्वतःला दिला होता. पुढे इंग्रज कंपनी, जंजिऱ्याचा सिद्दी आणि मराठे या साऱ्यांनीच आपापली परवानापत्रे चालू केली. आंग्र्यांच्या परवान्याला दस्तक म्हणत. दस्तक घेतले, दस्तुरी भरली, की जहाजाला संरक्षण मिळे. दस्तकावाचून कोणी कोकण किनाऱ्याने गेला, तर माल जप्त होई. जमिनीवरच्या नाक्यावर जकात चुकवणाऱ्याचा माल जसा अडवावा, तसाच हा व्यवहार होता.

वाद पेटला तो कंपनीच्या निशाणावरून. कंपनीचे नोकर स्वतःचा खासगी व्यापार करीत, आणि देशी व्यापाऱ्यांचा मालही कंपनीच्या निशाणाखाली नेऊन आंग्र्यांची दस्तुरी बुडवीत. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी हे मान्य केले नाही. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स याच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी हा मुद्दा स्पष्टपणे मांडला आहे. दुसऱ्याचे ते आपले करण्याची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, अशा अर्थाचे त्या पत्रातील उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. एका राज्याचा नियुक्त आरमारप्रमुख आपल्या किनाऱ्यावर कर मागतो आणि एक परदेशी व्यापारी मंडळी त्याला चोर म्हणते, असा हा प्रकार होता.

कंपनीने तलवारीनेही प्रयत्न करून पाहिले. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत विजयदुर्ग आणि खांदेरी येथे तिला हात चोळत परतावे लागले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली चढाईही फसली. त्या चढाईतील इंग्रज आरमाराचा प्रमुख कमोडोर थॉमस मॅथ्यूज पुढे ॲडमिरल झाला आणि तुलाँच्या लढाईतील अपयशाबद्दल १७४७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला बडतर्फ केले. (मिनोर्काला बिंग कचरला तो याच मॅथ्यूजची गत आठवून, असे सांगतात. दर्यावर्दी सेनापतीचे नशीब त्या काळी कोठेच सुखाचे नव्हते.)

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी निवर्तले आणि आंग्रे घराण्यात भाऊबंदकी सुरू झाली. वडील मुलगा सेखोजी १७३३ मध्ये वारला. संभाजी आणि मानाजी या भावांचे पटेना. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्यस्थी केली. मानाजींना कुलाबा आणि 'वजारतमाब' हा किताब मिळाला, तर संभाजींकडे सरखेलपद आणि विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाचा दक्षिण भाग राहिला. तंटा मिटवण्याचा हा निवाडा म्हणावा, की एका बलाढ्य आरमाराचे दोन तुकडे करण्याची युक्ती? दोन्ही मते मांडली गेली आहेत. परिणाम मात्र एकच झाला. यापुढे एक आंग्रे अडचणीत आला की दुसरा पुण्याकडे आणि पुणे मुंबईकडे पाहू लागले. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आले, तेव्हा मानाजींच्या मदतीला पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची जहाजे दोन्ही आली होती. १७५५ चा बेत असा पंधरा वर्षे आधीच शिजला होता.

संभाजींच्या मागून १७४२ च्या सुमारास तुळाजी विजयदुर्गाचे धनी झाले. सरखेलपद त्यांना छत्रपती शाहूंनी दिले. सिद्दीच्या ताब्यातील अंजनवेल त्यांनी १७४५ मध्ये जिंकून घेतली. याच अंजनवेलीच्या सिद्दी साताने १७२७ मध्ये चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान लुटले होते आणि ब्रह्मेंद्रस्वामींना कोकण सोडून देशावर धावडशीस येणे भाग पाडले होते. पेशव्यांच्या गुरूंचा हा अपमान साऱ्या दरबाराला झोंबला होता. ते ठाणे मराठी राज्यात आणणारा माणूस तुळाजी. बंडखोरीच्या आरोपाचा विचार करताना हा पुरावा विसरता येत नाही.

मग बंडखोरी कोठे आली? १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले. नवे छत्रपती रामराजे ताराबाईंच्या कैदेत साताऱ्यास पडले आणि राज्याचा कारभार पूर्णपणे नानासाहेब पेशव्यांच्या हाती गेला. सरखेल हे पद छत्रपतींचे. पेशवाही छत्रपतींचाच नोकर. एका नोकराने दुसऱ्याला आपला ताबेदार म्हणावे कोणत्या अधिकाराने, असा प्रश्न जुन्या सरदारांपैकी अनेकांच्या मनात होता. दाभाड्यांनी तो विचारला, तुळाजींनीही विचारला. दाभाड्यांकडे तळेगाव होते, तुळाजींकडे मात्र समुद्रात पाय रोवून उभा असलेला विजयदुर्ग होता. पुण्याला तुळाजींचा प्रश्न अधिक बोचला, यात नवल नाही.

तिसऱ्या आरोपाला मात्र असे सहज उत्तर नाही. बावड्याचे पंत अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी आणि वाडीचे सावंत या तिघांच्याही मुलखात तुळाजींनी हात घातला. कोकणातील रयतेला, त्यातही ब्राह्मण वतनदारांना त्यांचा जाच झाल्याच्या तक्रारी तत्कालीन पत्रांत आहेत. त्या साऱ्या पुण्याला खूश करण्यासाठीच लिहिल्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शेजाऱ्यांपैकी एकही मित्र न ठेवणे हा राजकारणातला गुन्हा नसेल, पण मोठी चूक नक्कीच आहे. १७५५ मध्ये तुळाजींच्या बाजूने कोकणात कोणीही उभे राहिले नाही, याचे कारण केवळ पेशव्यांची धास्ती नव्हते.

आणि समुद्रावर? १७५४ मध्ये तुळाजींच्या ताफ्याने तीन डच जहाजे गाठली. एकावर ५०, दुसऱ्यावर ३६, तिसऱ्यावर १८ तोफा होत्या. दोन मोठी जाळली, तिसरे धरले. हे घडले कसे, हे आंग्र्यांच्या जहाजांची बांधणी पाहिली म्हणजे कळते. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे निमुळती, उथळ तळाची. गलबत त्याहून लहान आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळून राही. तेव्हा गलबते गुराबांना दोराने ओढून त्याच्या पिछाडीस नेत आणि जेथून त्याच्या कुशीतील तोफा चालत नाहीत अशा कोनातून शिडे व डोलकाठ्या फोडत. मग चहूबाजूंनी गलबतांतून माणसे वर चढत. ही युद्धपद्धती उघड्या समुद्रावर, हलक्या वाऱ्यात आणि एकट्या-दुकट्या जहाजावर चाले. बंदरात कोंडलेल्या ताफ्याला तिचा उपयोग नव्हता. १२ फेब्रुवारीला नेमके तेच झाले.

१९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे कोकणातील सुभेदार रामाजी महादेव बिवलकर आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शिए यांच्यात करार झाला. समुद्रावरची सारी हालचाल इंग्रजांच्या हुकमतीत राहावी, किल्ले पेशव्यांना मिळावेत, आणि मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट द्यावा, असा त्याचा गाभा होता. मराठी सत्तेने आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच सरखेलाविरुद्ध, आरमाराची सूत्रे परक्याच्या हाती दिली. नानासाहेबांवरचा खरा ठपका येथे आहे, आणि तो साधार आहे.

तीनच दिवसांनी कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. इंग्रज इतिहासकार ऑर्म लिहितो की पेशव्यांचे आरमारही त्याला येऊन मिळाले. सात गुराबा आणि साठ गलबते असा त्याचा आकडा तो देतो. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, त्याचे कारण पुढे येईल. या आरमाराने लढाईत फारसा भाग घेतला नाही. सुवर्णदुर्गावर मुख्य मारा जेम्सनेच केला आणि एप्रिलच्या आरंभी तो किल्ला पडला. जेम्स पुढे श्रीमंत होऊन विलायतेत परतला. तो वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिल टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक बुरूज बांधला. तो आजही उभा आहे, आणि त्याचे नाव 'सेवर्नड्रूग' म्हणजे आपला सुवर्णदुर्गच.

पावसाळा गेला. इंग्लंडहून वॉटसनचे राजकीय आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्ह मुंबईत येऊन पोहोचले होते. फ्रेंचांविरुद्धचा त्यांचा बेत बारगळला होता आणि हाताशी मोकळी फौज होती. मुंबई सोडण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी बैठक घेऊन विजयदुर्गात सापडणाऱ्या खजिन्याची आपसातली वाटणी ठरवली. त्या वाटणीत ज्यांच्या नावाने ही मोहीम चालली होती, त्या पेशव्यांचा हिस्सा नव्हता. क्लाइव्हला किती मिळावे यावर मात्र बराच खल झाला.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी ताफा निघाला आणि ११ तारखेस इंग्रज ज्याला 'घेरिया' म्हणत त्या विजयदुर्गासमोर आला. 'केंट', 'कंबरलँड', 'टायगर', 'सॅलिसबरी' ही त्यांतली मोठी जहाजे पन्नास ते सत्तर तोफांची होती. आंग्र्यांशी यापूर्वी असल्या जहाजांची अशी एकवट गाठ कधी पडली नव्हती.

तुळाजींना हे संकट दिसत होते. जमिनीच्या बाजूने रामाजी महादेव आणि खंडोजी माणकर यांच्या फौजा येऊन बसल्या होत्या. इंग्रजांच्या हाती किल्ला जाण्यापेक्षा तो पेशव्यांना द्यावा आणि तडजोड करावी, असा विचार करून ते नातलगावर किल्ला सोपवून मराठ्यांच्या छावणीत बोलणे करण्यास गेले. हा निर्णय शरणागतीचा म्हणता येईल, पण बंडखोराचा म्हणता येणार नाही. शेवटच्या क्षणी तुळाजी आपल्याच राज्याकडे वळले होते.

इंग्रजांना हीच भीती होती. मराठ्यांनी किल्ला बोलण्यावर घेतला तर खजिना हातचा जाणार. म्हणून वॉटसनने थांबण्यास नकार देऊन १२ तारखेस तोफा सुरू केल्या. रात्री क्लाइव्ह फौजेसह जमिनीवर उतरला. तो किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध जाऊन बसला. शत्रू कोण आणि मित्र कोण, हे त्या एका हालचालीवरून समजावे. १३ तारखेस पुन्हा भडिमार झाला, संध्याकाळी किल्ल्यावर पांढरे निशाण चढले. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसच्या आसपास. मराठ्यांच्या सरदारांनी आत शिरू देण्यासाठी पहाऱ्यावरच्या इंग्रज अधिकाऱ्याला मोठी लाच देऊ केली व त्याने ती नाकारली, अशी हकीकत इंग्रज लेखक अभिमानाने सांगतात. आपल्याच राज्यातल्या किल्ल्यात जाण्यासाठी मराठी सरदारांना लाच द्यावी लागावी, हा त्या हकीकतीतला दुसरा अर्थ त्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

किल्ल्यात सुमारे दहा लाखांचा ऐवज मिळाला. तो सारा इंग्रजांनी वाटून घेतला.

वॉटसनच्या जहाजावर एडवर्ड आयव्हज नावाचा शस्त्रवैद्य होता. त्याचा प्रवासग्रंथ १७७३ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. शत्रुपक्षाच्या या साक्षीदाराने किल्ल्यातील एक प्रसंग नोंदवला आहे. वॉटसन तुळाजींच्या कुटुंबाला भेटण्यास गेला. वृद्ध मातोश्रींनी त्याला सांगितले की लोकांना राजा उरला नाही, मला मुलगा नाही, सुनांना पती नाही, नातवंडांना बाप नाही. वॉटसनने धीर दिला की यापुढे मला आपला बाप आणि मित्र समजा. तेव्हा सहाएक वर्षांचा धाकटा मुलगा पुढे आला, त्याने ॲडमिरलचा हात धरला आणि रडत रडत म्हणाला, मग तुम्हीच माझे वडील. ॲडमिरलच्या डोळ्यांत पाणी आले, असे आयव्हज लिहितो. मुलांना आणि बायकांना इंग्रजांकडून अभय मिळाले. मुलाचे खरे वडील मात्र काही कोसांवर, स्वकीयांच्या पहाऱ्यात होते. त्यांना सोडवण्याचा शब्द कोणी दिला नाही.

याच सुमारास नानासाहेब पेशवे कर्नाटकात सावनूरच्या मोहिमेत गुंतले होते. त्यांची नजर कोठे होती, हे पाहण्यासाठी खानदेशकडे वळावे लागते. १७५२ च्या भालकीच्या तहाने निजामाकडून बागलाण-खानदेशाकडील मुलूख पेशव्यांच्या हाती आला. १७६० च्या उदगीरच्या विजयाने बऱ्हाणपूर आणि अशीरगडही आला. तापीच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, उत्तरेकडे जाणारा बऱ्हाणपूरचा राजमार्ग आणि त्यावरची जकात हे उत्पन्न डोळ्यांना दिसणारे होते. विजयदुर्गाच्या गोदीत सागवानी गुराब बांधण्यास लागणारा पैसा मात्र खर्चाच्या बाजूला दिसे. जळगाव-धुळ्याचा प्रदेश ज्या राजनीतीने मराठी राज्यात पक्का झाला, त्याच राजनीतीला समुद्र हा राज्याचा कडेचा भाग वाटत होता. नानासाहेबांनी देशद्रोह केला असे नव्हे, त्यांच्या हिशेबाच्या वहीत आरमाराचे पान मागे पडले होते.

विजयदुर्ग इंग्रजांनी लगेच दिलाही नाही. आठ महिने घासाघीस झाल्यावर, १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने बाणकोट आणि त्याभोवतालची गावे कायमची मिळवून त्यांनी तो पेशव्यांच्या हवाली केला. तोवर वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासेकडे गेले होते. तेथून तोच ताफा आणि तोच सेनापती बंगालकडे निघाला. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता, मार्चमध्ये चंद्रनगर, २३ जूनला प्लासी. ऑगस्टमध्ये वॉटसन कलकत्त्यास वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत कंपनीने त्याचे स्मारक उभारले आहे. त्यावर कलकत्ता आणि चंद्रनगर यांच्या जोडीला 'घेरिया' हे नाव तारखेसह कोरलेले आहे.

तुळाजींची बाजू मांडण्याचे काम पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे रखडले. आरंभी लेखणी प्रतिपक्षाच्या हाती होती. १७३७ मध्ये लंडनला छापलेल्या क्लेमंट डाउनिंगच्या पुस्तकाच्या नावातच आंग्रे 'चाचे' आहेत. १९०७ मध्ये कर्नल बिडल्फ याने लिहिलेल्या ग्रंथाचे नाव तर 'मलबारचे चाचे' असेच आहे. मराठी वाचकही इंग्रजी शाळेत हेच वाचून शहाणा होत होता.

पालट होण्यासाठी मराठी कागद उजेडात येणे आवश्यक होते. ते काम ज्यांनी आयुष्यभर केले, ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि त्यात १७५० ते १७६१ या काळातलीच पत्रे आहेत. म्हणजे विजयदुर्ग जळाला ते दशक. इंग्रज काय म्हणतात यापलीकडे जाऊन त्या काळचे मराठे एकमेकांना काय लिहीत होते, हे प्रथमच मोठ्या प्रमाणावर छापले गेले. राजवाड्यांच्या आयुष्याची अखेर धुळ्यात झाली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. काही दिवसांतच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, आणि गावोगावहून पाठीवर वाहून आणलेल्या त्यांच्या दप्तरांचे जतन तेथे झाले. समुद्र ज्या जिल्ह्यातून दिसतही नाही, त्या जिल्ह्याने मराठी राज्याचे कागद असे सांभाळले.

पाठोपाठ गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादित केले. १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात आरमाराचाही विचार केला आणि चाचेगिरीच्या आरोपाची चिरफाड केली. पुढे भा. कृ. आपटे यांचा मराठ्यांच्या आरमारावरील स्वतंत्र ग्रंथ १९७३ मध्ये आला. दस्तकाची पद्धत, सरखेलपदाची सनद, परकीयांशी झालेले तह हे सारे एकत्र ठेवल्यावर 'चाचे' हा शब्द टिकत नाही. ज्या माणसाशी राज्ये तह करतात, ज्याला छत्रपती वस्त्रे देतात, त्याला चाचा म्हणणे ही केवळ प्रतिपक्षाची शिवी ठरते.

एवढे झाल्यावर वाद संपावा, पण तो दुसऱ्या टोकाला गेला. तुळाजींना निर्दोष ठरवण्यासाठी नानासाहेबांना दोषी ठरवणे सोपे वाटू लागले, आणि 'पेशव्यांनी मराठ्यांचे आरमार बुडवले' हे वाक्य तयार झाले. आज ते सर्रास फिरते. आकर्षक आहे, पण जसेच्या तसे खरे नाही. ऑर्मने दिलेला सात गुराबा आणि साठ गलबतांचा आकडा येथे आठवावा. १७५६ मध्ये पेशव्यांचे स्वतःचे आरमार होते आणि ते जळाले नाही. कुलाब्याच्या आंग्र्यांचे आरमारही शाबूत होते. विजयदुर्ग परत आल्यावर तेथेच पेशव्यांचे आरमारी ठाणे झाले आणि आनंदराव धुळप यांनी ते नावारूपाला आणले. ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या आरमाराने 'रेंजर' या इंग्रजी जहाजाशी घनघोर लढत देऊन ते पकडले आणि विजयदुर्गात आणले. जहाजावर कंपनीचे बडे लष्करी अधिकारी होते, त्यांपैकी काही त्या लढाईत कामी आले. बुडालेले आरमार सत्तावीस वर्षांनी असे लढत नाही.

मग १७५६ मध्ये बुडाले ते काय? समुद्रावर पूर्णवेळ राहणारी, कोणाच्याही परवान्याची पर्वा न करणारी आणि आपला परवाना युरोपीयांना घ्यायला लावणारी सत्ता त्या दिवशी संपली. धुळप शूर होते, पण ते दरबारचे नोकर होते आणि दरबार देशावर होता. कान्होजींनी जे मागितले ते यानंतर कंपनीकडे कोणी मागितले नाही.

तुळाजींवरील आरोपांपैकी चाचेगिरीचा आता पूर्णपणे गळून पडला आहे. बंडखोरीचा आरोप राज्य कोणाचे मानायचे यावर अवलंबून आहे. छत्रपतींचे मानले तर तो सिद्ध होत नाही, आणि पेशव्यांचे मानले तरी छावणीत बोलण्यास गेलेल्या माणसाला जन्मभर कैदेत ठेवण्याचे समर्थन होत नाही. शेजाऱ्यांना दिलेल्या उपद्रवाचा आरोप शिल्लक राहतो. त्यासोबत एक लष्करी ठपकाही राहतो. सुवर्णदुर्गाचा अनुभव दहा महिन्यांपूर्वीचा असताना सारा ताफा तटाखाली दाटीवाटीने का नांगरला? अंधाराचा फायदा घेऊन निम्मी गलबते तरी दक्षिणेस का काढली नाहीत? बिंगला असे प्रश्न न्यायालयात विचारले गेले आणि त्याची उत्तरे लिहून ठेवली गेली. तुळाजींना ते कोणी विचारलेच नाहीत.

कान्होजींची बाजू मात्र स्वतंत्र भारताने निर्विवादपणे मान्य केली. १९५१ मध्ये मुंबईतील नौदलाच्या किनाऱ्यावरील तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव देण्यात आले. हा तळ आहे जुन्या बॉम्बे कॅसलच्या जागेत. १७५५ मध्ये कंपनीचा मुंबईचा कारभार याच किल्ल्यातून चाले, आणि तुळाजींविरुद्धच्या मोहिमेची आखणीही तेथूनच झाली होती.